गावकीची भांडी आणि डीएलएल

गेले काही महिने माझ्या डोक्यात एका विषयानं घर केलंय आणि तो माझ्या वयाला शोभणारा नाही, असं आमच्याकडे एकमतानं ठरलं आहे. विषय असा, की एक प्रोग्रॅम एका संगणकावर तयार केला आणि दुसऱ्या संगणकावर न्यायचा झाला, तर त्याच्याबरोबर काय काय बांधून द्यायचं? नुसता प्रोग्रॅम दिला तर चालतो का? (चालत नाही.) मग सगळंच बांधून दिलं तर प्रश्न मिटतो का? (मिटत नाही. तो आपल्या दारात येऊन बसतो.) तुमच्यापैकी जे या धंद्यात आहेत त्यांना यात काही नवल वाटणार नाही. पण जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला हे सगळं फार ओळखीचं वाटलं, म्हणून लिहिते आहे. नाशिकच्या मंडळींनी कंटाळा आला तर मधला भाग सोडून द्यावा, मी रागावणार नाही.

हे सुरू कसं झालं ते आधी सांगते. माझा एक जुना विद्यार्थी आता जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी आहे. वर्ग पहिली ते पाचवी, शिक्षक दोन. म्हणजे एकाकडे दोन वर्ग, दुसऱ्याकडे तीन. अशा शाळेत सगळ्यात आधी काय बुडतं, तर श्रुतलेखन. कारण श्रुतलेखन घालायचं म्हणजे वीस मिनिटं शिक्षकानं त्या एकाच वर्गाचं होऊन राहायचं. शब्द सांगायचा, थांबायचं, मागच्या बाकावरच्याला ऐकू गेला नाही म्हणून पुन्हा सांगायचा. तेवढ्यात शेजारची पहिली घर डोक्यावर घेते. एकदा भेटायला आला असताना तो म्हणाला, "बाई, तुमचा आवाज तेवढा शाळेत ठेवून जाता आला असता ना, तर फार बरं झालं असतं."

तो चेष्टेत म्हणाला. मी मनावर घेतलं.

माझ्याकडे नोकरीतल्या वह्या आहेत. मुलं कुठले शब्द चुकतात त्यांच्या याद्या मी वर्षानुवर्षं करत आले. विहीर, परीक्षा, आशीर्वाद, उज्ज्वल, पश्चात्ताप... ही मंडळी तर कायमची! त्यातले अकराशे शब्द निवडले. दुपारी पंखा बंद करून, दार लावून एकेक शब्द दोनदा उच्चारून ठेवला. पुण्याच्या पुतण्यानं दोन रविवार बसून पायथन नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहून दिला. मुलानं बटण दाबायचं, माझा आवाज शब्द सांगणार, मुलानं तो वहीत लिहायचा, पुन्हा बटण दाबायचं की शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरात दिसणार. आपला आपण ताडून पाहायचा. गुण नाहीत, टाळ्या नाहीत, फुगे नाहीत. (फुगे घालायचं पुतण्याच्या मनात होतं. मी नको म्हटलं.)

त्याच्या लॅपटॉपवर सगळं झकास चाललं. शाळेत सहा संगणक आहेत, विंडोज ७ चे, ३२ बिटचे. कुठल्याशा योजनेत आलेले. त्यांना इंटरनेटचं तोंड कधी दिसलेलं नाही. तिथे पेनड्राइव्ह लावला, चिन्हावर दोनदा टिचकी मारली आणि एक चौकट आली. मजकूर इंग्रजीत, पण अर्थ असा: अमुक एक डीएलएल फाईल तुमच्या संगणकावर नाही, त्यामुळे हा प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही. त्या फाईलचं नाव मी वहीत उतरवून घेतलं आहे. ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी-रनटाइम-एल१-१-०’. श्रुतलेखनाला घालावं असं नाव आहे!

आता हे काय प्रकरण आहे ते मला जसं समजलं तसं सांगते.

कुठलाही प्रोग्रॅम सगळी कामं स्वतः करत नाही. आवाज वाजवायचा, फाईल उघडायची, आकडा अक्षरात लिहायचा, अशी कामं आधीच कुणीतरी नीट करून ठेवलेली असतात. अशा तयार कामांच्या गाठोड्याला लायब्ररी म्हणतात. आपलं ग्रंथालय नव्हे. आणि प्रोग्रॅमला ज्या लायब्रऱ्या लागतात त्यांना म्हणायचं ‘डिपेंडन्सी’. इथे माझ्यातली व्याकरणाची बाई जागी झाली. प्रोग्रॅम लायब्ररीवर अवलंबून, मग अवलंबित कोण? प्रोग्रॅम! हे लोक नाव मात्र लायब्ररीला देतात. मी पुतण्याला म्हटलं, याला ‘आधार’ म्हणा. तो म्हणाला, "काकू, तो शब्द आता कार्डाला गेला." ते खरंच आहे. असो. लायब्ररीच म्हणू.

तर या लायब्रऱ्या प्रोग्रॅमला दोन तऱ्हांनी मिळतात. एक तर त्या संगणकावर सगळ्यांसाठी मिळून एकेकच ठेवलेल्या असतात, ज्याला लागेल त्यानं वापराव्या. विंडोजमधल्या डीएलएल फाईली मुळात याच कल्पनेच्या. किंवा मग प्रोग्रॅम आपल्या लायब्रऱ्या आपल्याबरोबर घेऊन येतो.

हे ऐकलं आणि मला आमच्या गावची भांडी आठवली. देवळामागच्या खोलीत गावकीची भांडी असत. मोठी पातेली, घंगाळं, पराती, झारे. कुणाकडे कार्य निघालं की ती न्यायची, घासूनपुसून परत आणून ठेवायची. दर घरानं शंभर पानांची पातेली बाळगायची गरज नाही. जागा वाचते, पैसा वाचतो. संगणकात मेमरी आणि डिस्क मोजूनमापून असायची तेव्हा डीएलएलचा हिशेबही हाच होता. दहा प्रोग्रॅमना एकच लायब्ररी लागत असेल तर दहा प्रती कशाला?

पण गावकीच्या भांड्यांचं दुसरं अंगही ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. ऐन कार्याच्या दिवशी आपण खोली उघडावी आणि मोठं पातेलं जागेवर नसावं. किंवा असावं, पण कुणीतरी बदलून भलतंच आणून ठेवलेलं. विंडोजच्या जगात १९९० च्या दशकात अगदी हेच होत असे. नवा प्रोग्रॅम बसवताना तो आपल्याबरोबरची डीएलएल सगळ्यांच्या सामाईक फोल्डरात टाकायचा, कधी नव्या आवृत्तीवर जुनी सुद्धा, आणि कालपर्यंत नीट चालणारा दुसराच कुठला प्रोग्रॅम आज बंद पडायचा. या प्रकाराला त्या लोकांनी ‘डीएलएल हेल’ असंच नाव ठेवलं होतं. पुढे विंडोज २००० पासून असल्या महत्त्वाच्या फाईलींवर पहारा बसला आणि २००१ च्या एक्सपीमध्ये एकाच लायब्ररीच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवायची सोय झाली.

शाळेतलं दुखणं मात्र ‘पातेलं मुळात नाहीच’ या जातीचं होतं. पायथनला जी लायब्ररी लागते ती विंडोज १० मध्ये अंगचीच असते. विंडोज ७ मध्ये ती एका अपडेटनं येते. ज्या संगणकाला इंटरनेट माहीत नाही त्याला अपडेट कुठून माहीत असणार? ती लायब्ररी वेगळी बसवायची सोय आहे, पण त्यासाठी संगणकाचा मुख्य पासवर्ड लागतो. तो पासवर्ड शाळेत कुणालाच ठाऊक नाही. ज्यांनी संगणक बसवले ते बसवून गेले. गुरुजींनी दोन फोन केले, ते कुठवर पोचले देव जाणे.

मग पुतण्या म्हणाला, "काकू, सगळं बांधूनच देऊ."

बांधून देणं म्हणजे काय ते त्यानं मला समोर बसवून दाखवलं. पायइन्स्टॉलर नावाचं एक साधन आहे. ते आपला प्रोग्रॅम वाचतं, त्यात कुठल्या लायब्रऱ्या मागवल्या आहेत ते पाहतं, त्या लायब्रऱ्या आणखी कुठल्या मागवतात ते पाहतं, असं शेवटच्या कडीपर्यंत जातं आणि ते सगळं एका फोल्डरात आणून ठेवतं. खुद्द पायथनसुद्धा त्यातच येतो. लग्नाच्या स्वयंपाकाला येणारा आचारी आपली कढई, झारे, शेगडी सगळं टेंपोत घालून आणतो तसं. तुमच्या घरात पाणी आणि लाकडं असली की झालं.

त्या साधनाच्या दोन खोडी आहेत. एक, ते ज्या जातीच्या संगणकावर चालवाल त्याच जातीचं गाठोडं बांधतं. म्हणजे विंडोजचं गाठोडं विंडोजवरच बांधायचं, आणि ३२ बिटच्या संगणकासाठी ३२ बिटचा पायथन घेऊन बांधायचं. त्यातही विंडोज ७ वर चालणारी पायथनची शेवटची आवृत्ती ३.८, म्हणून पुतण्याला ती जुनी आवृत्ती मुद्दाम आणावी लागली. दुसरी खोड, जे विंडोजच्या अंगचं आहे असं त्याला वाटतं ते ते बांधत नाही. पुतण्याच्या नव्या लॅपटॉपवर ती लांबलचक नावाची फाईल अंगचीच, त्यामुळे पहिल्या गाठोड्यात ती आलीच नव्हती. मजा अशी, की त्यानंतर आलेल्या दुसऱ्या चौकटीत ‘पायथनची डीएलएल सापडत नाही’ असं लिहिलेलं होतं, आणि ती फाईल तर समोर फोल्डरात दिसत होती! मुलगा वर्गात हजर आहे, त्याची वही नाही, आणि हजेरीत आपण मुलालाच गैरहजर लावलं, असा तो प्रकार.

त्यावर इलाज म्हणजे त्या लहानलहान चाळीसेक फाईली प्रोग्रॅमच्याच फोल्डरात ठेवून द्यायच्या. मायक्रोसॉफ्टची तशी परवानगी आहे, आणि पासवर्ड लागत नाही, कारण आपण सामाईक खोलीत काही ठेवतच नाही, आपल्याच पिशवीत ठेवतो. प्रोग्रॅम सुरू होताना विंडोज सहसा आधी त्याच्या स्वतःच्या फोल्डरात पाहतं आणि मग सामाईक जागी. या एका लायब्ररीच्या बाबतीत मात्र विंडोज १० चा एक नियम मला फार आवडला. तिथे तुम्ही पिशवीत आपली प्रत नेली तरी वापरली जाते ती गावकीचीच. का, ते पुढे येईल.

पहिल्यांदा पुतण्यानं सगळ्याची मिळून एकच फाईल केली होती. दिसायला सुटसुटीत. पण ती एक फाईल प्रत्येक वेळी सुरू होताना आतलं सगळं एका तात्पुरत्या फोल्डरात उलगडते आणि मग चालते. शाळेच्या संगणकावर त्याला पाऊण मिनिट लागायचं. आणि पाऊण मिनिट पडद्यावर काही दिसत नाही म्हटल्यावर तिसरीतला मुलगा काय करेल? दहा वेळा टिचकी मारेल. मग दहा प्रोग्रॅम एकदम सुरू आणि दहा बायका ‘विहीर, विहीर’ करताहेत! शिवाय असल्या एकगठ्ठा फाईली पाहून विषाणू पकडणारी काही साधनं बिथरतात. शाळेतल्या दोन संगणकांवरच्या अशा एका साधनानं आमची फाईल परस्पर उचलून कोंडून ठेवली. म्हणून उघडा फोल्डर द्यायचं ठरलं. तो लगेच सुरू होतो.

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. ल.

आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकात भेटतो तो पाकळीचा ल. मी चाळीस वर्षं फळ्यावर तोच काढला. विंडोज ७ मध्ये देवनागरीसाठी ‘मंगल’ नावाचा टंक असतो आणि त्यातला ल हिंदी वळणाचा, दंडाचा. श सुद्धा तसाच. मोठ्या माणसाला फरक पडत नाही, पण जे मूल शब्द ताडून पाहायला पडद्याकडे बघतंय त्याला पडतो. म्हटलं, टंकही बांधून द्यायचा! पुतण्या आधी हसला. पण विचार केल्यावर म्हणाला की टंक ही सुद्धा एक डिपेंडन्सीच आहे, तुझं बरोबर आहे. मंगल आपल्याला वाटता येत नाही, आणि त्यात आपला ल नाहीच. पण मुक्त परवान्याचे टंक असतात. त्यांतल्या पुष्कळांना ‘ओपन फाँट लायसन्स’ असतं, आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे की हा टंक कुठल्याही प्रोग्रॅमबरोबर बांधून द्यायला हरकत नाही, फक्त नुसता टंक तेवढा विकू नका. पाकळीचा ल असलेला एक टंक आम्ही घेतला. विंडोजला सांगता येतं की हा टंक या प्रोग्रॅमपुरता वापर, तो बंद झाला की विसरून जा.

गंमत अशी, की अक्षरं मांडायचं काम मात्र आम्ही विंडोजवरच सोपवलं. ‘वि’ मधली वेलांटी लिहिताना नंतर येते पण दिसते आधी. ही जुळणी करणारी कळ निराळी असते. आवाज वाजवणारी पायगेम नावाची लायब्ररी आम्ही घेतली आहे, तिला अक्षरंही काढता येतात, पण देवनागरीची जुळणी ती आपणहून करत नाही. तिनं ‘विहीर’ काढून दाखवली तेव्हा पहिली वेलांटी व च्या उजवीकडे जाऊन उभी! तेव्हा आवाज तिचा आणि अक्षरं विंडोजची, अशी वाटणी झाली. म्हणजे सगळं बांधून दिलं म्हणता म्हणता काही गोष्टी यजमानाच्या घरच्याच घ्याव्या लागल्या.

असा तो फोल्डर तयार झाला. सगळा मिळून साधारण पंचावन्न एमबी. त्यात माझा आवाज पंधरा, आणि पुतण्यानं स्वतः लिहिलेलं किती? वीस केबी! बाकी सगळं बरोबर आलेलं वऱ्हाड. मला स्वस्थ बसवेना. एका संध्याकाळी मी फोल्डर उघडला आणि वऱ्हाडातल्या एकेकाला नाव विचारत बसले. पायगेमबरोबर एसडीएल आलेलं. एसडीएलबरोबर ऑग आणि व्हॉर्बिस, माझा आवाज ज्या स्वरूपात साठवलाय ते वाचणारे. इथपर्यंत ठीक. पण त्यांच्यात पीएनजी, जेपेग, वेबपी अशी चित्रं वाचणारी मंडळीही होती. आमच्या प्रोग्रॅममध्ये एक चित्र नाही! आणि एका कोपऱ्यात झेडलिब.

‘ही मंडळी कोण?’ म्हणून मी विचारलं आणि मग पुतण्यानं मला दोन गोष्टी सांगितल्या. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

झेडलिब ही माहिती दाबून लहान करायची लायब्ररी. झाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर या दोघांची, १९९५ सालची. लहान, चांगली, फुकट. त्यामुळे जगभर असंख्य प्रोग्रॅमनी ती वापरली. मार्च २००२ मध्ये तिच्यात एक दोष उघड झाला. एकदा परत केलेली मेमरी ती विशिष्ट परिस्थितीत पुन्हा परत करायला जायची, आणि त्या फटीतून कुणी वाईट हेतूचा माणूस आत शिरण्याची भीती होती. दुरुस्त आवृत्ती लगेच निघाली. ज्या प्रोग्रॅमांनी सामाईक झेडलिब वापरली होती त्यांचं काम एका फाईलच्या बदलानं झालं. पण ज्यांनी तिची प्रत आपल्या पोटात घेतली होती त्यांचं काय? आरसिंक नावाच्या प्रोग्रॅममध्ये तिची थोडी बदललेली प्रत होती. लिनक्सच्या गाभ्यातसुद्धा एक प्रत होती. एकेक शोधून काढायचा, एकेक नव्यानं बांधायचा.

दुसरी गोष्ट अलीकडची. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं वाचणाऱ्या लायब्ररीत मोठा दोष सापडला. नुसतं एक बनावट चित्र उघडलं तरी धोका. गूगलनं क्रोमची दुरुस्त आवृत्ती ताबडतोब काढली, पण सुरुवातीला त्या दोषाची नोंद झाली ती क्रोमचा दोष म्हणून. मग बाकीच्यांनी निवांत राहायला हरकत नव्हती! प्रत्यक्षात तीच लायब्ररी फायरफॉक्समध्ये होती, आणि ज्या अनेक प्रोग्रॅमांच्या पोटात क्रोमचाच गाभा बांधलेला असतो (इलेक्ट्रॉन म्हणतात त्या पद्धतीला) त्या सगळ्यांत होती. वापरणाऱ्याला कुठून कळावं, की आपण गप्पा मारायला घेतलेल्या प्रोग्रॅमात एक चित्र वाचणारा बसलाय आणि तो आजारी आहे?

इथे मला भांड्यांच्या गोष्टीतली राहिलेली बाजू आठवली, ती म्हणजे कल्हई. तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई लागते आणि ती उडते. उडालेल्या भांड्यात आमटी ठेवली की कळकते, आणि कळकलेलं अन्न पोटात गेलं की काय होतं ते जुन्या लोकांना सांगायला नको. गावकीच्या भांड्यांचं बरं असायचं. कल्हईवाला गावात आला की देवळापुढे भाता लावून बसायचा, सगळी भांडी एका दिवसात लख्ख. ज्यांनी आपापली पातेली केली त्यांनी आपापली कल्हई लक्षात ठेवायची. आणि माळ्यावर पडलेल्या पातेल्याची कल्हई कोण लक्षात ठेवतं?

विंडोज १० पिशवीतली प्रत न घेता स्वतःचीच का घेतं, ते आता कळलं. तिला कल्हई झालेली असते. आणि डेबियन नावाचं जे लिनक्स आहे त्याच्या नियमावलीतच लिहिलेलं आहे, की प्रोग्रॅमच्या पोटात दुसऱ्याच्या लायब्ररीची प्रत आली असेल तर शक्यतो ती वापरू नका, सामाईक वापरा. हे वाचून मला डेबियनवाल्यांबद्दल आपुलकी वाटली. गावकीची खोली सांभाळणारी माणसं ही!

पण म्हणून आपली भांडी आपण न्यायचीच नाहीत, असंही मला वाटत नाही. परगावच्या भांड्यांवर भरवसा ठेवल्यानं काय होतं त्याचीही गोष्ट आहे. मार्च २०१६ मध्ये एका लेखकानं वाद झाल्यावर आपल्या लायब्रऱ्या जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक कोठारातून, म्हणजे एनपीएममधून, काढून घेतल्या. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाची एक होती. अकरा ओळींची. शब्दाच्या डावीकडे ठरावीक जागा भरून द्यायची, एवढंच तिचं काम. तिच्यावाचून जगभरातले मोठमोठे प्रकल्प बांधता येईनात. ज्यांनी प्रत जवळ ठेवली होती त्यांना त्या दिवशी काही कळलंही नसेल. कोठारवाल्यांनी ती दोनेक तासांत परत आणून ठेवली, पण धडकी भरायची ती भरलीच.

माझ्या शाळेला तर कोठारच नाही. तिथे बांधून देण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता आणि अजूनही मला तोच बरोबर वाटतो. पुतण्याचे एक मित्र म्हणाले, "वेबसाइट करा ना, मग काहीच द्यायला नको." त्यांना मी एकदा पावसाळ्यात त्या गावी नेणार आहे.

फक्त एवढं कळून द्यायला हवं, की बांधून दिलं की घेणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं आपल्या डोक्यावर येतं. गुरुजींना आता काही बसवावं लागत नाही, काही माहीत असावं लागत नाही. ते सगळं माहीत असणं आमच्याकडे आलं. पायथन ३.८ ला दुरुस्त्या मिळणं ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबलं. विंडोज ७ चं तर जानेवारी २०२० मध्येच. त्या सहा संगणकांना इंटरनेट नाही, म्हणून आज धोका कमी. पण पेनड्राइव्ह येतात, जातात. आणि उद्या कुणी इंटरनेट जोडलं तर? नवे संगणक आले तर? आमचा फोल्डर कुणी न विचारता त्यांच्यावर उतरवून घेईल, आणि तो चालेल! चालेल हीच तर अडचण आहे. न चालणाऱ्या गोष्टीकडे लक्ष जातं.

मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. पुतण्याला नोकरी आहे, संसार आहे, उद्या परदेशी गेला तर जाऊ दे बिचारा. गाठोडं मात्र शाळेत राहणार. ही गोष्ट मी त्याच्याशी बोलले तेव्हा तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "काकू, आमच्याकडे मोठ्या कंपन्यांतसुद्धा हा प्रश्न कुणी इतका आधी विचारत नाही." मी म्हटलं, त्यांना वय झालेलं नसतं.

तेव्हा आम्ही काही गोष्टी केल्या. नको असलेलं वऱ्हाड कमी केलं. चित्रं वाचणाऱ्यांना परत पाठवलं, प्रोग्रॅम त्यांच्याशिवाय चालतो हे सगळे शब्द वाजवून पाहून खात्री केली. (अकराशे शब्द. माझाच आवाज. दोन दिवस. शेजारच्या वहिनी विचारून गेल्या, बरं आहे ना?) जे उरलं त्याची यादी केली. नाव, आवृत्ती, कुठून आणलं, परवाना कुठला, कशासाठी लागतं. लग्नाच्या यादीसारखी. पुतण्या म्हणाला याला त्यांच्यात मोठं नाव आहे आणि अमेरिकेत २०२१ च्या सरकारी आदेशानंतर सरकारला सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडे अशी यादी मागायला सुरुवात झाली. असेल. आमच्याकडे आचाऱ्याची भांडी परत देताना यादीवरूनच मोजून देतात.

यादी फोल्डरात आहे आणि छापून शाळेच्या कपाटातही आहे. शेजारी पुतण्याचं मूळ लेखन, ते कसं बांधायचं त्याच्या सूचना, साध्या मराठीत, मी लिहिलेल्या. त्याला म्हटलं, तू सांग, मी लिहिते, कारण तू लिहिलंस तर ते तुलाच कळेल. पायगेमच्या परवान्यात घेणाऱ्याला ती लायब्ररी बदलता यावी अशी अट आहे. मूळ लेखन सोबत दिल्यामुळे तीही पाळली गेली. विंडोज १० साठी नव्या पायथनचं दुसरं गाठोडं बांधून ठेवलं आहे. आणि दर जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, यादीवरून एकेक नाव घेऊन कुणाला कल्हई हवी ते बघायचं, असं ठरलं आहे. पुतण्याच्या फोनमध्ये तशी आठवण लावून घेतली. माझ्या दिनदर्शिकेवर पेनानं लिहिली आहे.

शब्द मात्र आम्ही गाठोड्याच्या बाहेर, वेगळ्या फोल्डरात ठेवले. नवा शब्द घालायचा तर आवाजाची फाईल तिथे टाकायची आणि शब्दांच्या यादीत एक ओळ वाढवायची. काही बांधावं लागत नाही, पुतण्याही लागत नाही. गुरुजींना ते लगेच जमलं. परवा त्यांचा निरोप आला, त्यांच्याकडची मुलं चुकतात ते साठ शब्द पाठवलेत. त्यात ‘ज्वारी’ आहे, ‘पाऊस’ आहे, आणि ‘तालुका’ आहे, ज्याचा लु मुलं दीर्घ काढतात म्हणे. गुरुजींनी पुढे विचारलंय, यातले दहा शब्द पाचवीतल्या मुलींच्या आवाजात घेतले तर चालतील का. मी कळवलंय, दहा कशाला, साठही घ्या, फक्त पंखा बंद करून.